‘हे खरे आहे काय?’

आठवीच्या राज्यशास्त्रात ‘राज्यशासन’ हा पाचवा धडा. तो शिकवताना माझा घसा कोरडा पडतो आणि पोरांचे डोळे जड होतात, हे दरवर्षीचं ठरलेलं. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८. परिषदेत आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि राज्यपालांनी नेमलेले १२. बेरीज बरोबर येते. पोरं पाठ करतात, लिहितात, विसरतात. एकदा घटक चाचणीत ‘विधानसभा कोठे भरते?’ या प्रश्नाला एकाने उत्तर लिहिलं होतं, ‘टीव्हीवर’. मी त्याला अर्धा गुण दिला. आमच्या गावातून ती तिथंच दिसते, त्याला तो तरी काय करणार!

गाव वर्धा जिल्ह्यातलं, जामच्या चौरस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं. कापूस, सोयाबीन, बांधावर तूर. जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत, आणि त्या वर्षी आठवीत २३ पोरं. नागपूर दोन तासांवर. मेडिकलमध्ये कुणाला भरती केलं म्हणून, लग्नाच्या खरेदीला म्हणून, गावातलं जवळपास प्रत्येक घर नागपूरला जाऊन आलेलं. अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात तर निम्मं गाव गेलेलं. पण विधानभवनाच्या आत पाय ठेवलेला माणूस शोधून सापडेना.

राज्याचं सरकार मुंबईला बसतं, डिसेंबरात मात्र ते आमच्या दाराशी येतं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. मराठी राज्यात यायचं तर राजधानीपण जाणार. म्हणून वर्षातून ठरावीक काळ सरकार नागपुरात राहील आणि एक अधिवेशन इथं होईल, असं त्या करारात लिहून घेतलं गेलं. १९६० ला महाराष्ट्र झाल्यापासून, काही वर्षं सोडली, तर हिवाळी अधिवेशन इथंच भरतं. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं ते नागपुरात झालंच नाही. २०२२ ला सरकार परत येणार असं पेपरात वाचलं, आणि मी मुख्याध्यापक सरांना म्हटलं, “सर, यंदा हा धडा पोरांना दाखवूनच आणू.”

सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही कागद करा, मी सही करतो.”

आमच्या खात्यात हे वाक्य ऐकलं की नव्या माणसाला वाटतं काम झालं. जुन्याला कळतं की आता सुरू झालं.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. तेवीस पालकांची संमतिपत्रं, त्यातल्या चौघांचे अंगठे. मुली आहेत म्हणून सोबत शिक्षिका हवी, ती मी होतेच. एसटीच्या आगारात अर्ज, कारण शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात गाडी मिळते आणि ती सवलत सोडली तर आमच्या पालकांना वर्गणी परवडली नसती. आमदारांच्या कार्यालयातून शिफारसपत्र. त्या पत्राला जोडायला मुलांची यादी: नाव, वय, आधार क्रमांक. सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत किती मुलं, किती वेळ, कोणत्या दिवशी, ते तिकडून कळणार. हे सगळं मी शाळा सुटल्यावर करायची. यादी टाइप करायला तालुक्याच्या गावी झेरॉक्सवाल्याकडे बसले, तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले आणि शेवटची गाडी निघायच्या बेतात. त्या घाईत एक चूक झाली. ती पुढे येईलच.

तयारी म्हणून मी एक युक्ती केली, आणि या सगळ्या प्रकरणात माझं डोकं चाललं ते इथंच. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे आमदार मंत्र्यांना विचारतात आणि सभागृहात तोंडी उत्तर मागतात त्या प्रश्नांच्या, याद्या मिळतात. त्यातली दोन-चार पानं काढून वर्गात वाटली. ज्यांनी ती कधी वाचली नाहीत त्यांना सांगते, त्या प्रश्नांची एक ठरलेली चाल असते. आधी ‘अमुक गावातील पूल वाहून गेल्याने नागरिकांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय?’ मग ‘असल्यास, चौकशीनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटी हमखास, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही तशीच क्रमांकाने. ‘होय.’ ‘नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि सगळ्यांत लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

पोरांना भाषेची इतकी गंमत वाटलेली मी मराठीच्या तासालाही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ओट्यावर प्रश्नोत्तराचा तास भरला. “सन्माननीय सदस्याने माझ्या डब्यातला चिवडा खाल्ला, हे खरे आहे काय?” “हे अंशतः खरे आहे.” “असल्यास, किती खाल्ला?” “अर्धा.” “उरलेला कधी परत करनार?” “प्रश्न उद्भवत नाही.” धड्यातली एक ओळ पाठ न करता पोरांना कळून गेलं की प्रश्न विचारणं हे एक कसब आहे, आणि उत्तर देऊन न देणं हे त्याहून मोठं.

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. तिथल्या मदतनीस ताईंची मुलगी माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. निघायच्या आदल्या दिवशी ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, आईबी उद्या नागपूरलेच जाऊन राह्यली. मोर्चा हाय त्यायचा.”

“मग आपल्या गाडीतच येऊ दे की.”

“नाही, त्यायची संघटनेची गाडी हाय. रात्रीच निंगते.”

सकाळी सहाला लालपरी शाळेसमोर उभी होती. थंडी अशी की पोरांच्या तोंडातून वाफा. बुटीबोरीला उतरून तर्रीपोहे खाल्ले. तर्री जरा जास्तच होती, एकाला पुढे उलटी झाली, त्याचं काही विशेष नाही. वर्धा रोडने शहरात शिरलो तशी पोरं खिडक्यांना चिकटली. मेट्रो डोक्यावरून जाताना दिसली तेव्हा जो गलका झाला, तेवढा त्या दिवशी पुन्हा कशालाच झाला नाही. मला जरा वाईट वाटलं, पण चौदा वर्षांचं पोर आहे, त्याला राज्यघटनेपेक्षा मेट्रो आवडणारच.

अधिवेशनात सिव्हिल लाइन्स ओळखू येत नाही. एरवी तिथं झाडं, जुने बंगले आणि कोर्टात जाणारे काळे कोट. डिसेंबरात रस्ते चकचकीत, दुभाजकांना नवा रंग, आणि दर पन्नास पावलांवर पोलीस. रामगिरीवर मुख्यमंत्री, देवगिरीवर उपमुख्यमंत्री, रविभवनात मंत्री, आमदार निवासात आमदार. मुंबईहून फायली, माणसं, खुर्च्या सगळं येतं आणि अधिवेशन संपलं की परत जातं. आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, “म्हंजे सरकारची बी सहलच झाली ना मॅडम?” मुख्याध्यापक सरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. ते हसत होते.

कस्तुरचंद पार्कजवळ गाडी लावून आम्ही दोन-दोनच्या रांगेत चालत निघालो. संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी थांबलो. परिपाठात रोज म्हणतो ती उद्देशिका पोरांनी तिथं मोठ्याने म्हटली. मी सांगितलं नव्हतं, एकाने सुरू केली आणि बाकीच्यांनी ओढली. बाजूने जाणारा एक हवालदार पूर्ण होईपर्यंत उभा राहिला.

मग विधानभवनाचं फाटक. मोबाइल बाहेर. पिशव्या बाहेर. डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलींच्या केसांतल्या टोकदार पिना, एकाच्या खिशातली गोटी, सगळं बाहेर. वही आणि पेनही आत नेता येणार नाही म्हटल्यावर माझा चेहरा पडला. मी प्रत्येकाला टिपणं काढायला सांगून ठेवलं होतं. आता सगळं डोक्यातच ठेवून आणायचं.

यादीशी आधार ताडून पाहणं सुरू झालं. बावीस जण पार झाले. तेविसावा अडला. यादीत एक आडनाव, आधारवर दुसरं. गावात त्या घराला ज्या आडनावाने हाक मारतात तेच मी झेरॉक्सवाल्याला सांगितलं होतं. आधारवर कागदोपत्री असलेलं. दहा वर्षं त्या पोराला मी ओळखते, आणि त्याचं आडनाव मला माहीत नव्हतं! तपासणीवरच्या साहेबांचा आवाज शांत होता, “मॅडम, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण कागदावर ही दोन माणसं आहेत.”

पोरगं रडवेलं झालं. बाकीची बावीस मागे वळून पाहत उभी. तेवढ्यात मुख्याध्यापक सरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि शाळेचा गोल शिक्का काढला. शाईचं पॅडही. आम्ही स्टाफरूममध्ये सरांची थट्टा करायचो की हे झोपतानाही शिक्का उशाशी घेतात. त्यांनी तिथंच, फाटकाच्या टेबलावर, शाळेच्या कोऱ्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या: सदर विद्यार्थी आमच्या शाळेत इयत्ता आठवीत शिकत असून वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. खाली सही, सहीवर शिक्का. साहेबांनी कागद वाचला, वरिष्ठांना दाखवून आणला, यादीला टाचला आणि म्हणाले, “जाऊ द्या.”

पोरगं आत गेल्यावर मला म्हणालं, “मॅडम, मी तं तोच होतो ना. मंग आता काय बदललं?” मी त्याला म्हटलं, चल पुढे, बोलू नकोस. खरं तर काय सांगावं ते सुचलं नव्हतं.

गॅलरीत जायच्या आधी एका कर्मचाऱ्याने नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावर वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आमची पोरं इतकी ताठ बसली की फोटो काढायला बसल्यासारखी. खाली सभागृह. समोर उंचावर अध्यक्षांचं आसन, त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, मध्ये टेबलाशी सचिव आणि काही माणसं मान खाली घालून लिहीत बसलेली. प्रश्नोत्तराचा तास चालू होता.

पोरांच्या डोक्यात जे चित्र होतं ते टीव्हीवरचं: आरडाओरडा, कागद फेकणं. तसं काही नव्हतं. एका ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त पदांवर प्रश्न चालू होता. मंत्र्यांचं उत्तर, त्यावर उपप्रश्न, मग दुसऱ्या सदस्याचा उपप्रश्न, मग “माझ्याही मतदारसंघात हीच परिस्थिती आहे” म्हणत तिसरा उभा. आमच्या ओट्यावरच्या तासापेक्षा हे कितीतरी वेगळं होतं. छापील उत्तरात जे ‘होय’ असतं, त्याच्या मागे जाऊन कधी भरणार, किती भरणार, तारीख सांगा, असा माग काढला जात होता. तारीख काही मिळाली नाही. “लवकरात लवकर” मिळालं. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने ओठ न हलवता पुटपुटलं, “अंशतः.”

आणि मग एका सदस्याने काहीतरी तिखट शब्द वापरला. समोरच्या बाकांवरून लोक उठले, दोन मिनिटं कोण काय बोलतंय कळेना. अध्यक्ष म्हणाले, तो शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येईल. लगेच सगळं पुढे चालू.

पोरांना मेट्रोनंतर दुसरा धक्का बसला तो इथं. बाहेर आल्या आल्या पहिला प्रश्न तोच. “मॅडम, सगळ्यायनं आयकलं ना तो बोलला ते? मंग काढलं कसं?”

मी त्यांना मधल्या टेबलावरच्या माणसांबद्दल सांगितलं. ते प्रतिवेदक. सभागृहात उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द ते टिपतात, थोड्या थोड्या वेळाने एक उठतो आणि दुसरा येऊन बसतो, म्हणजे लिहिणं कधी खंडत नाही. पोरांनी हे पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं माणसं कंटाळून उठून जातात. त्यांनी लिहिलेलं छापलं जातं आणि कायमचं राहतं. पन्नास वर्षांनी कुणी पाहिलं तर त्या दिवशी काय घडलं हे तेवढंच सांगेल. अध्यक्षांनी काढ म्हटलं की तो शब्द त्यात येत नाही.

“म्हंजे तो बोललाच नाही?”

“बोलला. पण कागदावर नाही.”

फाटकावर अडलेलं ते पोरगं माझ्याकडे बघत होतं. त्याला बहुतेक त्याचं उत्तर मिळालं असावं, माझ्या आधी.

विधान परिषदेच्या गॅलरीत आम्हाला थोडाच वेळ मिळाला. तिथं शांतता जास्त, आमदारांच्या खुर्च्या कमी. पोरं तिथं कंटाळली, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण बाहेर आल्यावर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती इथंही सांगते, कारण धड्यात परिषदेबद्दल फक्त आकडे आहेत. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत या परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ ला अख्ख्या देशाचा कायदा आला तो याच वाटेने. एक मुलगी म्हणाली, “माही आजी रोहयोवर होती. गिट्टी फोडे. तिले माहीत असंल का हे नाव?” घरी जाऊन विचार म्हटलं. तिने विचारलं. आजीला माहीत नव्हतं. आजीला मुकादमाचं नाव मात्र आठवत होतं.

डबे परत मिळाले. झाडाखाली बसून भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. संत्री सरांनी घेऊन दिली. मग झिरो माईलचे चार घोडे आणि दगडी खांब बघायला निघालो, आणि तिथून जवळच गोवारी स्मारक. तिथं थांबायचं मी आधीच ठरवलं होतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला, अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा इथं आला होता. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बहुतेक बायका आणि मुलं. आमच्या वर्गात दोन गोवारी मुलं आहेत. त्यातल्या एकाने स्मारकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्याला हाक मारली नाही.

तिथून पुढे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटकडे आवाज येत होता. कॉलेजचं नाव कधीच बदललंय, पण मोर्चा अडवतात ती जागा आजही मॉरिसचीच. कठड्यांच्या पलीकडे रस्ताभर बायका बसलेल्या. हातात फलक, डोक्यावर पदर, कडेवर पोरं. अंगणवाडीच्या.

माझ्या पहिल्या बाकावरच्या मुलीने रांग सोडली. मी ओरडणार तेवढ्यात पोलिसाने गणवेश पाहून तिला कडेकडेने जाऊ दिलं. मीही मागे गेले. तिची आई रस्त्यावर बसून दुसऱ्या एका बाईसोबत चिवडा खात होती. लेकीला पाहून आधी घाबरली, मग हसली.

“आतमंदी गेलती तू?”

“हो.”

“बसाले खुर्ची होती?”

“हो.”

“आमच्याबद्दल काही बोलले का वो मॅडम?”

आजूबाजूच्या चार-पाच बाया माझ्याकडे पाहू लागल्या. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यानंतरचे ते चेहरे. मी म्हणाले, “आम्ही थोडाच वेळ होतो ताई. तेवढ्यात नाही निघालं.”

“निंगंल,” ती म्हणाली. “आमचं शिष्टमंडळ गेलं आत. पाच जणी. निवेदन देऊन येतात.”

तिने उरलेला चिवडा कागदात बांधून लेकीच्या हातात दिला. मदतनिसांचं मानधन तेव्हा महिन्याला ४,४२५ रुपये होतं. हे मला माहीत आहे, कारण ज्या महिन्यांत ते उशिरा येतं त्या महिन्यांत ताई माझ्याकडे येतात.

परतीच्या वाटेवर पोरं पुन्हा प्रश्नोत्तराला लागली, पण आता खेळ बदलला होता. प्रत्येक बाकावर एक प्रतिवेदक नेमला गेला. परत मिळालेल्या वह्या निघाल्या. कोण काय बोललं ते लिहायचं. लगेच भांडणं. “मी असं बोललोच नाही!” “लिवलं हाय.” “काढून टाक!” “अध्यक्षायले विचार.” अध्यक्ष म्हणून कंडक्टर काकांना नेमलं होतं. त्यांनी सगळेच शब्द कामकाजातून काढायचा हुकूम दिला आणि झोपले.

बुटीबोरी गेलं, दिवे मागे पडले. पहिल्या बाकावरची माझ्या शेजारी येऊन बसली. हातात अजून तो चिवड्याचा पुडा.

“मॅडम, आतले बोलतात ते सगळं लिवतात.”

“हो.”

“आईनं सकाळपासून घोषणा देल्या. त्या कोन लिवून राह्यलं होतं?”

मी म्हटलं पेपरवाले असतात, टीव्हीवाले असतात.

“आन् पेपरात नाही आलं तं?”

गाडी जामच्या चौरस्त्यावर वळेपर्यंत मी काही बोलले नाही. मग म्हणाले, त्या पाच जणी आत गेल्या ना निवेदन घेऊन, ते त्याच्यासाठीच. तिकडे त्याची नोंद होते, नंबर पडतो. तिने विचार केला आणि म्हणाली, “सरच्या शिक्क्यासारखं?” साधारण तसंच, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती निवेदनाची झेरॉक्स घेऊन वर्गात आली. संघटनेने प्रत्येक तालुक्याला एक-एक प्रत दिली होती, आईने वाचायला म्हणून मागून आणली. आम्ही ती फळ्यासमोर मोठ्याने वाचली. पंधरा-सोळा मागण्या होत्या. पोरांनी व्याकरणाच्या तीन चुका काढल्या आणि एका मागणीला ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ जोडायला हवं होतं अशी सूचना केली. खाली कोपऱ्यात ‘प्राप्त’ असा शिक्का होता आणि निळ्या शाईत एक आकडा. पोरांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला. कशासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढच्या गोष्टी भराभर सांगते. फेब्रुवारीत अंगणवाडीचा संप झाला, आमच्या आवारातली अंगणवाडी बंद राहिली, आठवीच्या मुलींनी लहानग्यांना व्हरांड्यात बसवून गाणी म्हणून घेतली. अधिवेशन तेव्हा मुंबईत होतं. ९ मार्च २०२३ ला अर्थसंकल्प मांडला गेला. मी वर्गात मोबाइलवर लावला होता. तासाला मोबाइल चालत नाही, पण राज्यशास्त्राचा तास होता. सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. पहिल्या बाकावरून कुणी टाळी वाजवली नाही. तिने वही उघडली, वजाबाकी केली आणि म्हणाली, “एक हजार पंच्याहत्तर.” मग मागच्या पानांत डिसेंबरात उतरवलेला तो आकडा शोधला आणि त्याच्या समोर हे लिहिलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “निवेदनात तं जास्त मांगतले होते.”

“हे अंशतः खरे आहे,” ती मागे न वळता म्हणाली.

ती आता गावात नाही, वर्ध्याला शिकते. मध्ये एकदा यादीवर सही घ्यायला ताईंकडे गेले होते. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आणि घडी घातलेलं ते निवेदन, परत करायचं राहून गेलेलं. घडीवर कागद फाटत आलाय. शिक्का पुसट झालाय, आकडा वाचता येतो.